नव्याण्णव दिवसांचा बादशहा

जर्मनीचे बादशहा तिसरे फ्रेडरिक यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो. त्यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८३१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. सन १८५८ त व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येशी त्यांचा विवाह झाला. रणांगणावर त्यांनी मोठा लौकिक मिळविला. तथापि युद्धाची त्यांस आवड नव्हती. वडील दीर्घायुषी असल्यामुळे पन्नाशी उलटली तरी ते युवराजच होते, आणि उदार मताचे लोक त्यांच्या राज्याची वाट पाहत होते.

सन १८८७ च्या जानेवारीत त्यांचा आवाज बसला, तो सुटेना. मार्चमध्ये बर्लिनच्या प्रोफेसर गेरहार्ट यांनी आरशाने घसा पाहिला, तेव्हा डाव्या स्वरतंतूवर लहानशी गाठ दिसली. तापलेल्या तारेने ती वारंवार जाळली, तरी ती पुन्हा वाढली. मे महिन्यात जर्मन डॉक्टरांनी कर्करोगाच्या संशयाने गळा उघडून ती काढण्याचे योजिले. इतक्यात इंग्लंडहून मॉरेल मॅकेंझी यांस पाचारण झाले. त्यांनी गाठीचे तुकडे काढले, व विख्यात रोगशास्त्रज्ञ फिरखो यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत कर्करोग आढळला नाही, म्हणून शस्त्रक्रिया रहित झाली. परंतु तुकड्यांत जे दिसले नाही ते गाठीत होते. नोव्हेंबरात इटलीतील सॅन रेमो येथे रोग उघड झाला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासासाठी गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावी लागली, आणि त्यांची वाचा गेली.

एका महिन्याने, ९ मार्च रोजी, वडील वारले, व हा मुका पुत्र गादीवर आला. चिठ्ठ्या लिहून तो आपले मनोगत कळवी. ९९ दिवसांनी, १५ जून रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्याचा अंत झाला. त्या काळी ती शस्त्रक्रियाही प्राणसंकटाचीच होती. यास्तव कोणा डॉक्टरास दोष देण्यास आम्ही धजत नाही.

वाचकहो, फार बोलण्यागाण्याने स्वरतंतूंवर साध्या गाठी येतात. त्या विश्रांतीने व उपचाराने बहुधा बऱ्या होतात. पण कर्करोगही आरंभी तसाच आवाज बसवितो, आणि तंबाखू ओढणारांस त्याचे भय विशेष. हा भेद नुसत्या कानास कळत नाही. आज तो आरंभीच सापडला तर बहुतेक रोगी बरे होतात. म्हणून तीन आठवडे आवाज सुटला नाही तर काढे पीत न बसता डॉक्टरांकडून घसा तपासून घ्यावा. आणि एकदा काही न आढळूनही आवाज बसलेलाच राहिला, तर पुन्हा जावे.