शाळा जेमतेम, पण पालीसाठी थेट लंका गाठली! गोव्याचे धर्मानंद कोसंबी

मोबाईलवर इंग्रजीचा क्लास लावायचा आणि आठ दिवसांत सोडून द्यायचा, हे आता गावोगाव चाललंय. धर्मानंद कोसंबींना जी भाषा शिकायची होती, ती शिकवणारा माणूस शोधण्यातच त्यांची दोन-अडीच वर्षं गेली.

जन्म 1876 चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. शाळा जेमतेम झालेली. घरची नारळाची बागायत बघण्यात तरुणपण चाललं होतं. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं आणि डोक्यात एकच बसलं, हा धर्म मुळापासून समजून घ्यायचा.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागं बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी. चरित्र सांगताना लोक हे एका ओळीत उरकतात. पण ज्या घरातला कर्ता माणूस असा निघून जातो, त्या घराला विचारा ती ओळ केवढी असते ते.

आधी संस्कृत शिकायचं म्हणून पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडं शिकायचं. संस्कृत चांगलं आलं, तेवढ्यावर पोट भरलं असतं. पण ते थांबले नाहीत. 1902 मध्ये नेपाळला गेले, तिथं हवं ते मिळालं नाही. मग बुद्धगया, कलकत्ता आणि तिथून लंका.

बुद्धाचे जुने ग्रंथ पाली भाषेत आहेत, आणि पालीला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत. म्हणजे भाषेच्या आधी अक्षरं गिरवायची! पंचविशी ओलांडलेला, लेकीचा बाप झालेला माणूस कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपुढं विद्यार्थी म्हणून बसला. तिथंच श्रामणेर झाला. पुढं ब्रह्मदेशातही जाऊन राहिला. संस्कृतचा पाया पक्का होता म्हणून पाली सोपी गेली असेल, पण अनोळखी मुलखात टिकून राहायला संस्कृत काय कामाचं?

परत आल्यावर कलकत्त्याला पाली शिकवण्याची नोकरी मिळाली. ती सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना 50 रुपये पत्करले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. आपल्या लोकांना आपल्या भाषेत हे कळावं, हाच त्यांचा हिशोब होता. नंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली.

1910 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना बोलावलं. काम होतं 'विसुद्धिमग्ग' या मोठ्या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचं. या एका ग्रंथापायी त्यांनी पुढं आणखी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. 4 जून 1947 ला सेवाग्रामच्या आश्रमात ते गेले. हार्वर्डचा तो ग्रंथ छापून आला 1950 मध्ये.