मलिक अंबर

मलिक अंबर (इ.स. १५४८ च्या सुमारास – इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वंशाचा वजीर व सेनानी होता. त्याचा जन्म आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू होते. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला चापू अनेक हातांतून फिरत बगदादला पोचला. तेथील मालकाने त्याला अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखानही मूळचा हबशी गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला.

इ.स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या ताब्यात गेले. तेव्हा अंबरने मुर्तझा निजामशहा दुसरा यास परांडा येथे गादीवर बसवून राज्य टिकवले. गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले. मालोजी व शहाजी भोसले यांच्यासह अनेक मराठे सरदार निजामशाहीच्या बाजूने लढले. इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला.

जमिनीची प्रतवारी करून त्याने महसुलाची पद्धत घालून दिली. इ.स. १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर वसवून तेथे खापरी नळांतून पाणी आणणारी नहर बांधली.

त्याची कबर खुलताबाद येथे आहे. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत निजामशाही संपुष्टात आली.