विश्लेषण : बिदरच्या बादशहाने कधी न पाहिलेली गायिका… मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला तिची कीर्ती कशी महागात पडली?

आषाढी जवळ आली की स्टेटस आणि रील्सवर ‘नको देवराया’ हा अभंग हमखास ऐकू येऊ लागतो. समोर वारीची दृश्ये आणि मागे तो आर्त सूर. ऐकताना तो देवाची आळवणी करणारा अभंग वाटतो, आणि तो तसा आहेही. पण परंपरा सांगते, की तो रचला गेला तेव्हा रचणारीला धरून न्यायला सैनिक येऊन उभे होते. तिचे नाव कान्होपात्रा. गाव मंगळवेढा, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. स्वतः पदे रचायची आणि स्वतः गायची, अशी ही पंधराव्या शतकातली स्त्री. तिला प्रसिद्धी मिळाली, पण ती तिने मागितलेली नव्हती आणि तिच्या गाण्यामुळेही मिळालेली नव्हती. त्याच प्रसिद्धीने तिचा जीव घेतला.

कान्होपात्रा कोण होती?

मंगळवेढ्यात शामा नावाची एक श्रीमंत गणिका राहत होती. कान्होपात्रा तिची मुलगी. घरात पैसा होता, दासी होत्या, वाडा होता. आईने मुलीला लहानपणापासून गाणे आणि नाच शिकवला. त्यात हौसेचा भाग किती होता कोण जाणे, पण तो घरचा व्यवसायच होता. सुताराच्या मुलाने रंधा हातात घ्यावा, तसे गणिकेच्या मुलीने पायात चाळ बांधायचे. मुलगी देखणी निघाली आणि तिचा गळाही चांगला होता. थोड्याच दिवसांत तिच्या रूपाची चर्चा गावाबाहेर गेली.

तिची कथा आज आपल्याला सविस्तर मिळते ती मुख्यतः महिपतीबुवा ताहराबादकर यांच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथातून. तो १७६२ मध्ये लिहून झाला. म्हणजे कान्होपात्रा आणि महिपती यांच्यामध्ये जवळपास तीनशे वर्षे आहेत. एवढ्या काळात कीर्तनकारांच्या तोंडून कथा फिरत राहिली, तिला फांद्या फुटल्या. त्यामुळे पुढचे तपशील परंपरेने सांगितलेले आहेत हे लक्षात ठेवून वाचायला हवेत. तिच्या काळासाठी १४२८, १४४८, १४६८ आणि १४७० अशी वेगवेगळी साले दिली जातात. यात एक गोष्ट जुळते. बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली ती पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. कथेत सैनिक बिदरहून येतात, आणि ही चारही साले त्याच सुमाराची किंवा त्यानंतरची आहेत.

बिदर हे नाव मंगळवेढ्याला नवे नाही. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथलेच आणि त्यांच्या कथेतला बादशहाही बिदरचाच. ज्वारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या जुन्या गोष्टींत सत्तेचा हुकूम बहुतेक वेळा त्याच दिशेने येतो.

लग्नाची ती अट कशासाठी?

आईची इच्छा होती की मुलीने एखाद्या मोठ्या धनिकाचा किंवा राजाचा आश्रय घ्यावा. कान्होपात्रेने एक अट घातली. आपल्याहून देखणा पुरुष भेटला तरच त्याला वरायचे, नाही तर कोणालाच नाही. असा कोणी भेटला नाही.

कथा सांगणारे इथे थोडे हसतात. रूपाचा गर्व झालेली मुलगी, आणि पुढे तो गर्व विठ्ठलाच्या रूपापुढे गळून पडतो, असा या प्रसंगाचा नेहमीचा अर्थ. मला तो पुरेसा वाटत नाही. गणिकेच्या घरात जन्मलेल्या मुलीला सरळ नाही म्हणायची सोय होती का? लग्न करून संसार थाटण्याचा मार्ग समाजाने बंद केलेला आणि व्यवसाय नाकारण्याचा मार्ग घरच्यांनी. अशा वेळी कोणालाही पूर्ण करता येणार नाही अशी अट घालणे हाच नकार. सगळे तिच्या रूपाचेच कौतुक करत होते, म्हणून तिने त्याच रूपाचा अडसर दाराला लावला.

नंतरच्या काही कथांमध्ये सदाशिव मालगुजर हे पात्र येते. गावातला बडा असामी. तिचे नृत्य पाहण्याचा त्याने हट्ट धरला आणि तिने नकार दिल्यावर मायलेकींचा असा छळ मांडला की त्यांची संपत्ती गेली. काही ठिकाणी तर हाच तिचा बाप असल्याचे सूचित केले आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. कथा म्हणून हे अंगावर येते. आज ही गोष्ट फॉरवर्ड होते तेव्हा एका बाजूला बादशहा आणि दुसऱ्या बाजूला भक्त अशी सरळ मांडणी असते. मालगुजर त्या मजकुरातून गायब असतो. पण या कथांनुसार तिच्या मागे लागलेला पहिला माणूस गावातलाच होता.

पंढरपुरात काय बदलले?

मंगळवेढ्याहून पंढरपूर साधारण २५ किलोमीटर. वारीची वाट दारावरूनच जाणारी. टाळ-मृदंगाचा आवाज ऐकून कान्होपात्रेने वारकऱ्यांना विचारले, हे कोणाचे गुण गाता? उत्तर ऐकून ती दिंडीबरोबर निघाली. काही कथांमध्ये हौसा नावाची वारकरी दासी तिला सोबत करते.

ती पंढरपुरात राहिली. झोपडीत राहायची, देवळाचा परिसर झाडायची, अभंग रचायची आणि गायची. गाणे तेच होते, श्रोते बदलले. मंगळवेढ्यात गाणे ऐकायला येणारे तिला बघायला येत. वाळवंटात गाणाऱ्या शंभर जणांत ती एक होती. आजच्या कोणत्याही मोठ्या गायिकेला विचारा, गर्दीत हरवून जाता येणे ही किती मोठी चैन आहे ते ती सांगेल.

इथे वारकरी परंपरेतल्या इतर कवयित्रींशी तुलना केली की तिचे वेगळेपण कळते. मुक्ताबाई ज्ञानेश्वरांची बहीण. जनाबाई नामदेवांच्या घरची. सोयराबाई चोखोबांची पत्नी, निर्मळा बहीण. नंतरच्या बहिणाबाईंना तुकोबांचे गुरुत्व लाभले. प्रत्येकीच्या मागे संतांचे एखादे घर किंवा गुरू उभा आहे. कान्होपात्रेला गुरू नाही, संत घराणे नाही, नवरा नाही, भाऊ नाही. तिच्यासाठी शब्द टाकणारे माणूस पंढरपुरात कोणी नव्हते. पुढे जे झाले त्यात याचा मोठा वाटा आहे.

बिदरपर्यंत नाव कसे पोहोचले?

बिदर मंगळवेढ्याहून दोनशेहून अधिक किलोमीटर. तिथल्या बादशहाने कान्होपात्रेला पाहिले नव्हते आणि तिचे गाणेही ऐकले नव्हते. कोणीतरी तिच्या रूपाचे वर्णन त्याच्या कानावर घातले. काही कथांमध्ये हे काम अपमानित मालगुजर करतो. वर्णन ऐकून हुकूम सुटला : तिला हजर करा.

मला या कथेत सर्वांत भयंकर वाटते ती ही पायरी. तिने मंगळवेढा सोडले, दागिने सोडले, नाच सोडला. पण तिच्याबद्दल लोक जे बोलत होते ते तिला थांबवता आले नाही. ती झाडू मारत होती आणि तिची ख्याती तिच्याशिवाय एकटीच गावोगाव फिरत होती.

हे फार जुने वाटत असेल तर अलीकडचे उदाहरण घ्या. ब्रिटनची एमी वाइनहाउस स्वतःची गाणी स्वतः लिहून गायची. २००८ मध्ये तिला एकाच रात्री पाच ग्रॅमी मिळाले. त्यानंतर लंडनमधल्या तिच्या घराबाहेर छायाचित्रकारांचा पहारा बसला आणि गाण्यांपेक्षा तिच्या व्यसनांच्या बातम्या जास्त खपू लागल्या. २०११ मध्ये ती गेली तेव्हा २७ वर्षांची होती. दोन बायकांमध्ये पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि परिस्थितीत तर काहीच साम्य नाही. तरी गाणे बाजूला ठेवून गाणारीचा माग काढणारी नजर ओळखीची वाटते.

सैनिक पंढरपुरात आले. कान्होपात्रा सोबत येत नसेल तर देऊळ पाडू, अशी धमकी त्यांनी दिल्याचे सांगतात. तिने एकदा विठ्ठलाचे दर्शन घेऊ देण्याची विनंती केली, आत गेली आणि देवाच्या पायांवर डोके ठेवले. तिथेच तिचा प्राण गेला. भाविक म्हणतात, देवाने तिला आपल्यात सामावून घेतले. मंदिराच्या दक्षिण बाजूला तिला पुरले आणि त्या जागी तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा आहे.

तिच्या अभंगांत काय आहे?

‘सकल संत गाथे’त तिचे २३ अभंग आहेत. एवढ्या थोड्या ओळींतही तिचा स्वभाव दिसतो. एका अभंगात ती विठ्ठलाला विठाबाई म्हणते, म्हणजे आई करून टाकते, आणि आपली जात, आपले आचरण, आपला नसलेला अधिकार याची कबुली देत पायाशी जागा मागते. ‘नको देवराया’मध्ये वाघाच्या तावडीत सापडलेल्या हरणाच्या पाडसाशी ती स्वतःची तुलना करते. हे रूपक आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातली भीती जाणवेनाशी झाली आहे. तिच्यासाठी वाघ खरोखर दारात होता.

सर्वांत धीट अभंग मात्र तिसराच आहे. त्यात ती देवाशी चक्क हुज्जत घालते. तू पतितपावन म्हणवतोस आणि मी तुझी म्हणवते. आता दुसऱ्या कोणी माझ्या देहाला हात लावला तर कमीपणा कोणाला, मला की तुला? सिंहाचा घास कोल्ह्याने नेला तर लाज सिंहाने वाटून घ्यायची, असा तिचा रोख. देवाचा लौकिक पणाला लावून ती स्वतःचा देह वाचवू पाहते. ज्या कीर्तीमुळे माणूस संकटात सापडतो, त्या कीर्तीचे वजन तिला बरोबर कळले होते. म्हणूनच तिने ते देवाच्या अंगावर टाकले. पाचशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने आपल्या देहावर कोणाचा हक्क, हा प्रश्न इतक्या उघडपणे गाण्यात घातला. शाळेत मला हे कोणी सांगितले नव्हते.

आणि अभंगांमध्ये तिने स्वतःचे नाव गुंफले आहे. संतकवी नाममुद्रा घालतातच, त्यात विशेष ते काय? विशेष हे, की बाकी सगळीकडे तिचे नाव दुसऱ्यांच्या तोंडी होते. इथे ते तिने स्वतः घेतले.

नंतर तिची आठवण कोणी ठेवली?

कीर्तनकारांनी ठेवली, मग रंगभूमीने. १९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ‘कान्होपात्रा’ हे संगीत नाटक रंगमंचावर आणले. लेखक ना. वि. कुलकर्णी. कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व, तेव्हा वयाच्या त्रेचाळिशीत. बघितले जाण्याचा जिला वीट आला होता तिला बघायला पुन्हा थिएटरात गर्दी झाली, हा योगायोग गमतीचा म्हणावा की कसा, ठरवता येत नाही. मात्र या नाटकामुळे तिचे अभंग मैफलीत आले. ‘अगा वैकुंठीच्या राया’ची भैरवी आजही अनेक गायक मैफल संपवताना गातात. १९३७ मध्ये भालजी पेंढारकरांनी तिच्यावर चित्रपट काढला.

पुढे १९६५ मध्ये भालजींच्याच ‘साधी माणसं’मध्ये ‘नको देवराया’ आले. संगीतकार होते आनंदघन. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. तोवर देशातला प्रत्येक रेडिओ त्यांच्या आवाजाने भरलेला असताना संगीतकार म्हणून त्यांनी दुसरे नाव घेतले आणि मोजक्या मराठी चित्रपटांना त्या नावाने चाली दिल्या. या चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा समारंभात आनंदघन यांचे नाव पुकारले गेले आणि लताबाई खुर्चीत शांत बसून राहिल्या. शेवटी सूत्रसंचालकाने गुपित फोडले आणि त्यांना उठावे लागले, असा किस्सा सांगितला जातो. नाव लपवून काम करता यावे ही इच्छा, आणि अभंग कान्होपात्रेचा.

गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपवर आज हा अभंग लावला तर गायकाचे नाव ठळक दिसते. रचनाकाराचे नाव बघायला दोन-तीन ठिकाणी बोट लावावे लागते आणि काही वेळा तिथे नुसते पारंपरिक असे लिहिलेले सापडते.

पंढरपूरला गेलात तर एक गोष्ट पाहता येईल. मंगळवेढ्याचेच चोखोबा, ज्यांना जातीमुळे आत प्रवेश नव्हता, त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर बाहेर आहे. कान्होपात्रेची जागा मात्र मंदिराच्या आवारात आहे. विठ्ठल मंदिराच्या आत समाधी असलेली ती एकमेव संत मानली जाते. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडताना दक्षिण बाजूला तरटीच्या झाडाची जागा विचारा, कोणीही दाखवेल.