हाफकिन नावाचा माणूस

हाफकिन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतील परळची संस्था उभी राहते. सापाच्या विषावरचे औषध त्या नावाशी जोडलेले असल्यामुळे खेड्यापाड्यांतही ते नाव पोहोचले आहे. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव होते, त्या माणसाने मुंबईत बसून प्लेगवरची लस तयार केली, आणि त्याच माणसाला पुढे एकोणीस जणांच्या मृत्यूचा ठपका माथी घेऊन हा देश सोडावा लागला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

मी कला शाखेची विद्यार्थिनी. सूक्ष्मजंतुशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही हे धाडस करते आहे, कारण प्लेग हा शब्द मी पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात ऐकला. आमच्या गावाबाहेर एक उजाड माळ आहे. जुनी माणसे त्याला प्लेगाचा माळ म्हणतात. घरात उंदीर मरून पडू लागले की सारा गाव कुलपे लावून त्या माळावर झोपड्या घालून राही, असे माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगते. काखेत नाहीतर जांघेत गाठ आली की माणूस गेलाच, असे तेव्हा धरून चालत.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. तरुणपणी हाफकिन झारशाहीविरुद्धच्या चळवळीत होते, त्यांना अटकही झाली. प्राध्यापक होण्याची योग्यता त्यांच्यापाशी होती, पण धर्म बदलल्याखेरीज ज्यू माणसाला ती जागा मिळणे शक्य नव्हते. त्यांनी धर्म बदलला नाही. काही वर्षे ओडेशाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जेथे मेलेले प्राणी जतन करून ठेवतात तेथे, काम केले आणि १८८८ साली देश सोडला.

जिनिव्हामार्गे ते १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. तेथे जागा कोणती मिळाली? ग्रंथालयातील साहाय्यकाची! मला हा भाग फार आवडतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इथली पुस्तकांची कपाटे पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती आपल्यासाठी आहेत यावर माझा विश्वास बसला नव्हता. जगातल्या त्या सर्वांत नामांकित प्रयोगशाळेत हाफकिन ग्रंथालयाच्या दारातून शिरले, आणि पुस्तके लावता लावता रिकाम्या वेळी जंतूंवर प्रयोग करू लागले, हे वाचून मला धीर आला.

त्यांनी आधी हाती घेतली पटकी. तिचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ पर्यंत शोधून काढला होता. स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ साली पटकीची लस टोचून पाहिली होती, पण तिच्याविषयी शास्त्रज्ञांचे समाधान झालेले नव्हते. हाफकिन यांनी जंतूंचे दोन प्रकार तयार केले. एक उष्णतेत आणि हवेच्या झोतात वाढवून दुबळा केलेला, तर दुसरा गिनिपिगांच्या पोटातून एकामागून एक नेत अधिक जहाल बनवलेला. आधी दुबळा टोचायचा, काही दिवसांनी जहाल. शरीराला शत्रूची ओळख करून देण्याचीच ही युक्ती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर तीन रशियन मित्रांनी दंड पुढे केले.

लस खरोखर उपयोगी पडते की नाही हे पटकीच्या घरी गेल्याशिवाय कळणार नव्हते. पटकीचे घर म्हणजे बंगाल. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले. गावोगाव हिंडताना कुठे दगड पडले, कुठे पाठ फिरवली गेली. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठलबागान वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. नंतर तेथे साथ आली तेव्हा पटकीचे रुग्ण सर्वच्या सर्व न टोचलेल्यांमधून निघाले. हाफकिन यांची पद्धत इथेच दिसते. एकाच घरात, एकाच पाण्यावर राहणारे काही टोचलेले, काही न टोचलेले, आणि दोघांची नोंद शेजारी शेजारी. मला वाटते, त्यांचे खरे मोठेपण लशीइतकेच या वहीत आहे. सुमारे दोन वर्षांत बेचाळीस हजारांवर लोकांना त्यांनी लस टोचली आणि हिवतापाने पोखरलेले शरीर घेऊन ते काही काळ युरोपात परतले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत हजर झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि पुढची पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले! प्लेगचा जंतू येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला शोधला होता. तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसाकडे येतो हे अजून कळायचे होते. हाफकिन यांनी मांसाच्या रश्शात जंतू वाढवले. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून गाईचे वा डुकराचे मांस टाळून बोकडाचे घेतले. आणि त्या रश्शावर तुपाचे थेंब सोडले! तुपाला धरून जंतूंचे धागे खाली लोंबत, जणू छताला लटकलेली जळमटे. ती हलवून खाली पाडायची, नवी वाढू द्यायची. मग सारे तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. आमच्या स्वयंपाकघरातले तूप प्लेगविरुद्ध कामी आले ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा तिला शास्त्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली असावी.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याहून हे प्रमाण कितीतरी अधिक होते. ताप आला, दंड ठणकला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे जास्त झाले. ही लस काही अभेद्य कवच नव्हती. ती घेतलेल्यांनाही प्लेग होई, पण कमी जणांना, आणि मृत्यू त्याहून कमी.

तरीही लोक दंड पुढे करीनात. पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरात घुसून जी तपासणी केली, तिच्यामुळे सरकारी माणूस आणि प्लेग यांतील कोण अधिक भयंकर असा प्रश्न लोकांना पडला होता. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्याला तेव्हा पुरते दोन महिने झाले होते. त्या दोन तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पुढे काही लिहवेना. माझ्यासारख्या मुली आज या वर्गांत बसतात त्या कोणामुळे, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत मात्र आगाखान यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली. त्यांच्या हजारो खोजा अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी माझगावची इमारत दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १८८० च्या दशकात एका गव्हर्नरची पत्नी त्याच वास्तूत पटकीने वारली होती. हा योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मग १९०२ साल उजाडले. पंजाबात प्लेग माजला होता आणि लाखोंनी लस हवी होती. काम लवकर व्हावे म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल या गावी (आज ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे मेले. चार बाटल्यांनी कोणाला काही झाले नाही.

चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असे तिचे मत. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ते इंग्रज नव्हते, वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि लष्करी डॉक्टरांच्या खात्यात हा प्राणिशास्त्रज्ञ उपराच होता. आपले म्हणून पाठीशी उभे राहील असे कोणी नव्हते.

पण कागदपत्रांत काही गोष्टी होत्या. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळून न घेता नुसता जंतुनाशकात बुचकळून वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली एक्केचाळीस दिवस आधी भरलेली. इतके दिवस त्यात हे जंतू वाढले असते तर उघडताच उग्र घाण सुटली असती. पण उघडणाऱ्या डॉक्टराला कसलाही वास आला नव्हता. इतके साचलेले विष टोचले गेले असते तर रोगही फार लवकर दिसला असता. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे १९०७ साली जाहीरपणे मांडले. दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी ड्रेफस यांच्यावर खोटा आरोप झाला होता, त्याची आठवण अनेकांना झाली. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. मेलेले एकोणीस जण मात्र कोण होते, त्यांच्या घरच्यांना या निकालाविषयी कोणी सांगितले का, हे मी वाचलेल्या लेखांत कुठेच आढळले नाही.

१९०८ मध्ये हाफकिन कलकत्त्यास परतले. पण त्यांनी लशीचे प्रयोग माणसांवर करायचे नाहीत, अशी अट होती. जो माणूस प्रत्येक लस प्रथम स्वतःच्या दंडात टोचून घेई, त्याने उरलेली वर्षे काचेच्या नळ्यांसमोर काढली, आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती घेतली. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते ज्यू धर्माकडे अधिक वळले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली.

परळहून त्यांची लस मात्र जातच होती. १८९७ पासून १९२५ पर्यंत अडीच कोटींहून अधिक मात्रा तेथून रवाना झाल्या. १९२५ साली संचालक कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यांनी उत्तरादाखल आभार मानले, आणि आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या या कामात गेली अशा आशयाचे कळवले. तक्रारीचा शब्द त्यात नव्हता. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.