प्रुडन्स क्रॅन्डल
अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील कॅन्टरबरी हे बहुतांशी गोऱ्यांचे लहानसे गाव. तेथे १८३१ मध्ये प्रुडन्स क्रॅन्डल (१८०३–१८९०) यांनी मुलींची शाळा काढली. पुढील वर्षी सारा हॅरिस या कृष्णवर्णीय तरुणीला प्रवेश मिळताच गोऱ्या पालकांनी आपल्या मुली काढून घेण्यास प्रारंभ केला. बाई डगमगल्या नाहीत; एप्रिल १८३३ मध्ये त्यांनी ती शाळा कृष्णवर्णीय मुलींसाठीच उघडली. गावाने विहीर घाण केली. राज्याने परराज्यातील कृष्णवर्णीयांना गावाच्या संमतीविना शिकवणे गुन्हा ठरवले. बाईंनी एक रात्र तुरुंगात काढली. सप्टेंबर १८३४ मध्ये जमावाने खिडक्या फोडल्या, तेव्हा विद्यार्थिनींच्या जिवाच्या काळजीने त्यांनी शाळा बंद केली. १८३८ मध्ये तो कायदा रद्द झाला. १८८६ मध्ये राज्याने त्यांना वार्षिक ४०० डॉलरचे निवृत्तिवेतन देऊन दीड वर्षाच्या त्या शाळेचे ऋण अर्धशतकानंतर मान्य केले.