व्हॉलीबॉलचे जनक विल्यम मॉर्गन

लवळ्याच्या टेकडीवरील सिंबायोसिसच्या संकुलातील असो वा अन्य महाविद्यालयातील, मुलींचा व्हॉलीबॉल संघ परक्या मैदानावर उतरतो तेव्हा प्रेक्षक आणि जल्लोष यजमानांचाच असतो. पाहुण्या संघाला हक्काचे मिळते ते जाळीअलीकडचे निम्मे मैदान. सेट संपला, की बाजूही बदलतात.

प्रतिस्पर्ध्यांना असे विभागणाऱ्या या खेळाचे जनक विल्यम मॉर्गन यांचा जन्म २३ जानेवारी १८७० रोजी न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे झाला. स्प्रिंगफिल्ड येथे शारीरिक शिक्षण घेतल्यानंतर १८९५ मध्ये ते होल्योक येथील वायएमसीएचे व्यायाम संचालक झाले. तेथील प्रौढ व्यावसायिकांना बास्केटबॉलची धावपळ व धक्काबुक्की झेपेना. मॉर्गन यांनी टेनिसची जाळी साडेसहा फूट उंचीवर बांधून ‘मिंटोनेट’ हा नवा खेळ सिद्ध केला. १८९६ मधील प्रात्यक्षिकावेळी त्यास व्हॉलीबॉल हे नाव मिळाले.

२७ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. पोक्त गृहस्थांसाठी योजलेला हा खेळ १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिकमधील महिलांचा पहिला सांघिक चेंडूखेळ ठरला. तो क्षण पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. परगावी खेळायला निघालेल्या प्रत्येक मुलीच्या किटबॅगेत त्यांचा हा वारसा आजही असतो.