एक पतंग, एक काठी आणि थोडं वजन : राइट बंधूंच्या ९९ वर्षं आधी ग्लायडर उडवणारा जॉर्ज केयली

रील्स बघता बघता असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल.

डोंगराचा उतार. समोरून जोराचा वारा. दोघं जण चार-पाच मीटर लांब पंखांचं पांढरंशुभ्र विमान डोक्यावर धरून उभे आहेत. तिसऱ्याच्या गळ्यात रिमोट. एक, दोन, तीन म्हणतात आणि विमान वाऱ्यात ढकलून देतात. त्याला इंजिन नाही, पंखा नाही, आवाज नाही. तरी ते पडत नाही. उलट वरच चढत जातं.

खाली कमेंट्स ठरलेल्या असतात. भारी खेळणं आहे, किंमत काय?

खेळणं म्हणा हवं तर. पण याच खेळण्याचा खापरपणजोबा १८०४ साली इंग्लंडमधल्या एका टेकडीवरून उडाला होता. तेव्हा विमान नव्हतं, मोटार नव्हती, रेडिओ तर लांबच राहिला. आणि ते बनवणारा माणूस कुणी कारागीर नव्हता, चांगला मोठा जमीनदार होता. त्याचं नाव सर जॉर्ज केयली.

आज त्याला विमानशास्त्राचा जनक म्हणतात. पण ही पदवी त्याला मिळाली ती एका छोट्या मॉडेलमुळे. कसं, ते बघू.

आधी ग्लायडरचं गणित

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. ते हवेतून सतत थोडं थोडं खाली घसरत असतं आणि त्या घसरण्यातूनच त्याला वेग मिळतो. मग ते वर कसं जातं? वारा डोंगराला आपटला की त्याला वर वळावं लागतं. ग्लायडर जितक्या वेगानं खाली येतंय, त्यापेक्षा जास्त वेगानं हवा वर जात असेल, तर ग्लायडरही हवेबरोबर वर जातं. चढत्या सरकत्या जिन्यावर आपण सावकाश पायऱ्या उतरत राहिलो तर काय होईल? उतरत असूनही वरच पोचू. तसंच हे.

रेडिओवर चालणारी मोठी मॉडेल्स ही खऱ्या ग्लायडरची प्रमाणात केलेली नक्कल असते. खऱ्या ग्लायडरचे पंख १५ मीटरचे असतील, तर एक तृतीयांश मापाच्या मॉडेलचे पंख ५ मीटर होतात. ते बनवायला महिनोन्‌महिने जातात आणि उडवताना चूक झाली तर सगळी मेहनत काही सेकंदांत मातीत जाते. म्हणून हौशी मंडळी पहिल्या उड्डाणाआधी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा तपासतात : नाकात पुरेसं वजन आहे का, शेपटीचा कोन बरोबर आहे का आणि पंख दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का.

नाकातलं वजन आणि शेपटीचा कोन, या दोन गोष्टी केयलीच्या मॉडेलवर होत्या. २०० हून अधिक वर्षांपूर्वी.

जमीनदाराच्या घरातला पोरगा

जॉर्जचा जन्म २७ डिसेंबर १७७३ चा. गाव स्कारबरो, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातलं समुद्रकाठचं. १७९२ मध्ये वडील गेले आणि अठराव्या वर्षी ब्रॉम्पटन गावची हवेली, जमीनजुमला आणि सर हा किताब, सगळं त्याच्याकडे आलं. अशा घरातली मुलं सहसा शिकार आणि मेजवान्यांत रमायची. हा मात्र जॉर्ज वॉकर नावाच्या गणितात मुरलेल्या धर्मगुरूकडे शिकायला गेला. पुढे १७९५ मध्ये त्याच वॉकरच्या मुलीशी, साराशी त्याचं लग्न झालं.

त्या काळात आकाशात जाण्याचं वेड सगळीकडे पसरलं होतं. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये मॉन्टगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून माणूस वर गेला, तेव्हा जॉर्ज नऊ वर्षांचा होता. पण फुगा वारा नेईल तिकडे जातो. पक्षी मात्र हवेपेक्षा जड असूनही हवं तिकडे जातो. जॉर्जच्या डोक्यात शिरला तो पक्षी.

१७९६ मध्ये त्यानं बुचात पिसं खोचून एक छोटं फिरतं खेळणं बनवलं. दोरीनं वाकवलेल्या कमानीच्या ताणावर ते गरगरत वर जायचं. आजच्या हेलिकॉप्टरसारखंच. कल्पना त्याची नव्हती, दोन फ्रेंच माणसांनी ती आधीच करून दाखवली होती. पण सुरुवात झाली.

चांदीच्या चकतीवरचं विमान

तोपर्यंत उडायचा विचार करणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करत होता. पक्ष्यासारखे पंख फडफडवायचे. पक्ष्याचे पंख त्याला वर उचलतात आणि पुढेही ढकलतात. एकच अवयव दोन्ही कामं करतो. माणसाच्या दंडात तेवढी ताकदच नाही, त्यामुळे सगळे आपटत होते.

केयलीनं ही दोन कामं वेगळी केली. पंख स्थिर ठेवायचे, ते फक्त वजन उचलतील. पुढे ढकलायचं काम दुसऱ्या साधनाचं. तोल आणि दिशा सांभाळायला मागे शेपूट.

आज हे इतकं सरळ वाटतं की यात शोध कसला, असा प्रश्न पडतो. पण तुम्ही ज्या विमानात बसता ते अजूनही याच तीन वाटण्यांवर उडतं.

ही कल्पना त्यानं १७९९ मध्ये एका चांदीच्या चकतीवर कोरली. एका बाजूला विमानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला पंखावर काम करणाऱ्या बलांची आकृती. चकती आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. चित्रात एक चूकही आहे. पुढे जाण्यासाठी त्यानं वल्ह्यांसारखे फडके दाखवलेत. म्हणजे फडफडणं त्याच्याही डोक्यातून पूर्ण गेलं नव्हतं.

१८०४ : मॉडेल उडालं

नुसत्या चित्रावर त्याचा विश्वास नव्हता. पंख किती वजन उचलतो, हे मोजायचं होतं. त्यासाठी त्यानं एक फिरती दांडी वापरली. दांडीच्या टोकाला छोटा पंख बसवायचा, दोरीला बांधलेलं वजन खाली सोडून दांडी गरगर फिरवायची आणि वेगवेगळ्या कोनांत पंखावर किती जोर येतो ते लिहून ठेवायचं. अशी दांडी पवनचक्कीची पाती तपासायला आधी वापरली गेली होती. केयलीनं ती उडण्याच्या कामी आणली.

त्याच वर्षी त्यानं ग्लायडर बनवलं. सुमारे पाच फूट लांब काठी. काठीवर साधा कागदी पतंग, किंचित वर उचललेल्या कोनात बसवलेला. हा झाला पंख. मागच्या टोकाला अधिक चिन्हासारखी शेपूट, हवी तशी वळवून ठेवता येणारी. पुढच्या टोकाला मागे-पुढे सरकवता येणारं वजन.

बस, एवढंच.

मग तो टेकडीवर जायचा आणि हातानं ते सोडायचा. वजन थोडं पुढे घेतलं की नाक खाली जायचं. मागे घेतलं की नाक वर उठून वेग मरायचा. शेपूट जराशी वळवली की मॉडेल त्या बाजूला वळायचं. बरोबर जमलं की सरळ रेषेत उतारावरून खाली तरंगत जायचं. हे बघताना त्याला मनापासून आनंद व्हायचा, असं त्याच्या लिखाणातून दिसतं. असंच मोठं यंत्र केलं तर आल्प्स पर्वत उतरायला खेचरापेक्षाही सुरक्षित ठरेल, असंही त्याला वाटून गेलं.

आजचा हौशी मॉडेलवाला नवं ग्लायडर आणतो तेव्हा पहिल्यांदा काय करतो? गवताच्या मैदानावर हातानं सोडून बघतो. नाक खाली गेलं तर वजन कमी, वर उठलं तर वजन वाढव. रीत तीच.

इंजिनापाशी गाडी अडली

१८०९ मध्ये व्हिएन्नाचा याकोब देगन नावाचा घड्याळजी पंख लावून उडाल्याची बातमी आली. त्याला फुग्याचा आधार होता, हे बातमीत नव्हतं. आपण मागे पडतोय असं वाटून केयलीनं आपलं सगळं काम १८०९ आणि १८१० मध्ये तीन भागांत छापून टाकलं. पंखांची टोकं थोडी वर उचलली की विमान कलंडल्यावर आपोआप सरळ होतं, हेही त्यात होतं. डोंगरावरचं मॉडेल समोरून बघा. पुष्कळांचे पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर गेलेले दिसतील. कारण हेच.

याच सुमारास त्यानं ३०० चौरस फूट पंखांचं मोठं यंत्रही केलं होतं. समोरून मंद वारा असताना कुणी ते धरून जोरात पळालं, तर पाय जमिनीला टेकेनासे व्हायचे आणि काही वेळा ते माणसाला उचलून चार पावलं पुढे न्यायचं. मग ते मोडलं.

खरी अडचण इंजिनाची होती. वाफेचं इंजिन आणि त्याचा बॉयलर इतका जड, की पंख त्यालाच उचलू शकणार नव्हते. केयलीनं बंदुकीच्या दारूवर चालणारं इंजिन करून पाहिलं, गरम हवेच्या इंजिनावर वर्षानुवर्षं डोकं चालवलं. जमलं नाही. जे पेट्रोल इंजिन पुढे विमानाला उपयोगी पडलं, ते यायला अजून कित्येक दशकं होती.

मधल्या काळात गडी रिकामा बसला नाही. विमानाला हलकं चाक हवं म्हणून त्यानं जाड लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्यांचं चाक सुचवलं. आपल्या सायकलच्या चाकाचं तत्त्व तेच. १८२५ मध्ये त्यानं रणगाड्यासारख्या पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. आपल्या कुळाच्या मुलाचा हात गेला, तेव्हा त्याच्यासाठी कृत्रिम हात बनवला. १८३२ मध्ये खासदार झाला. १८३८ मध्ये लंडनला लोकांना विज्ञान दाखवणारी पॉलिटेक्निक संस्था उभी करण्यात पुढे होता.

आधी वजन, मग माणूस

सत्तरीला आल्यावर तो पुन्हा ग्लायडरकडे वळला. आता प्रश्न मापाचा होता. मॉडेल सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं, तर पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. म्हणजे लहान मॉडेल छान उडतं म्हणून मोठंही उडेल, असं नसतं. मोठी मॉडेल्स बनवणाऱ्यांना हे आजही छळतं. ते कार्बन फायबर वापरतात. केयलीकडे लाकूड आणि कापड होतं. एकच लांबलचक पंख मोडेल म्हणून त्यानं एकावर एक तीन छोटे पंख लावले.

१८४९ मध्ये असं यंत्र तयार झालं. आधी त्याचा तोल आणि दिशा नीट बसवली. मग त्यात साधारण दहा वर्षांच्या एका मुलाला बसवलं आणि उतारावरून सोडलं. मुलगा काही यार्ड हवेत गेला आणि उतरला.

१८५३ च्या सुमारास मोठ्या माणसाची पाळी आली. केयली तेव्हा ७९ वर्षांचा. स्वतः बसणं शक्यच नव्हतं. म्हणून बसवलं आपल्या घोडागाडीच्या कोचमनला. ग्लायडर ब्रॉम्पटनची छोटी दरी ओलांडून पलीकडे गेलं आणि आपटत उतरलं. केयलीच्या नातीनं लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे म्हातारपणी तिनं सांगितलेली आठवण अशी, की कोचमन धडपडत बाहेर आला आणि त्यानं तिथल्या तिथे नोकरी सोडली. आपल्याला गाडी हाकायला ठेवलंय, उडायला नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

या किश्श्यावर सगळे हसतात. पण जरा कोचमनच्या जागी बसून बघा. मालकानं सांगितलं म्हणून तो चढला. नाही म्हणायची सोय कितपत होती? त्याचं नाव काय, यावर आजही एकमत नाही. त्या दहा वर्षांच्या मुलाचं तर नावही नोंदलेलं नाही. मोजमाप केलं, मॉडेल उडवून पाहिलं, वजन ठेवून पाहिलं, हे सगळं केयलीनं केलं आणि त्यामुळेच बहुधा दोघं जिवंत राहिले. तरी जीव त्यांचा टांगणीला होता. चकतीवर नाव मात्र केयलीचं.

विसरला गेला, मग सापडला

१५ डिसेंबर १८५७ ला केयली ब्रॉम्पटनलाच वारला. वय ८३. इंजिन असलेलं विमान त्यानं कधीच पाहिलं नाही. १९०३ मध्ये राइट बंधू उडाले आणि आपल्या आधी केयलीनं पाया घातला होता, हे त्यांनी मान्य केलं. पण सामान्य माणसांना तो माहीत नव्हता. १८५२ मध्ये त्यानं एका मासिकात माणूस नेणाऱ्या ग्लायडरचा आराखडा छापला होता, त्याकडेही शंभरेक वर्षं फारसं कुणी बघितलं नाही.

शेवटी १९७३ मध्ये त्या आराखड्याची प्रतिकृती बनवली गेली आणि डेरेक पिगट नावाच्या अनुभवी वैमानिकानं ती त्याच ब्रॉम्पटनच्या दरीत उडवून दाखवली. म्हाताऱ्याचं गणित बरोबर होतं.

केयलीकडे एकच गोष्ट नव्हती. हातातून सुटलेल्या ग्लायडरला हवेत असताना काही सांगायची सोय. शेपूट जमिनीवरच वळवून ठेवायची आणि पुढे नशीब. हवेत असताना वळवायची असेल, तर आत माणूसच बसवावा लागायचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हौशी लोकांनी मॉडेलमध्ये रेडिओ बसवला आणि ती अडचण संपली. आता सुकाणू हवेत आणि माणूस जमिनीवर.

म्हणून पुढच्या वेळी तो व्हिडिओ दिसला आणि शेवटी पाच मीटरचं ग्लायडर झाडावर आपटून तुकडे झालेलं दिसलं, तर हळहळायला हरकत नाही. महिन्यांची मेहनत आणि बराच पैसा गेलेला असतो.

पण त्यातून कुणाला धडपडत बाहेर यावं लागत नाही. आणि कुणाची नोकरीही जात नाही.